चांगदेव तात्या आणि पंचवीस तारीख

वारूळवाडीत पहाटे कोंबडा आरवला की चांगदेव तात्या डोळे उघडतात, पण उठत नाहीत. कोंबड्यावर त्यांचा विश्वास नाही. ते उशाचा मोबाइल बघतात. मोबाइल कंपनीचा, म्हणजे त्याचंही काही खरं नाही. मग नारायणगाव स्टँडकडे जाणाऱ्या पहिल्या एसटीचा हॉर्न ऐकू आला, की कुठे तिघांची साक्ष जुळते आणि तात्यांची सकाळ होते. एकदा ती एसटी रद्द झाली तेव्हा तात्या ऊन अंगावर येईपर्यंत अंथरुणात होते, असं त्यांच्या पत्नीचं, साळुबाईंचं म्हणणं आहे. तात्यांना ते मान्य नाही. साळुबाईंच्या म्हणण्याचीही त्यांनी अजून खातरजमा केलेली नाही.

माणूस तसा लाखातला. कुणाची गाय अडली, कुणाची मोटर जळली, की सगळ्यांच्या आधी तात्या हजर. पण हजर झाल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "जळली का जाळली?" टोमॅटोचे क्रेट घेऊन मार्केटला गेले की आधी स्वतः काट्यावर उभे राहतात. स्वतःचं वजन त्यांना पाठ आहे. तेवढं भरलं तरच माल चढवायचा. एकदा काटा किलोभर जास्त दाखवायला लागला. तात्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा आडत्या शांतपणे म्हणाला, "तात्या, मिसळ खाऊन आलाय का?" खाऊन आले होते. ती मिसळ किती वजनाची असावी या विचारात तात्या दुपारपर्यंत होते.

दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवला की बाकीचे सुटलो म्हणून चहाकडे वळतात. तात्या कावळ्याकडे बघत राहतात. "ह्योच कावळा परवा मांजरवाडीच्या दहाव्याला व्हता. ह्येला कुनीतरी सवय लावलीया." खोडदच्या माळावर त्या भल्यामोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आहेत, त्या रात्रंदिवस आभाळाकडे कान लावून बसलेल्या असतात. आपल्याला त्यांचा अभिमान वाटतो. तात्यांना वाटतं, इतकी वर्षं ऐकतायत, तर काय ऐकलं ते गावाला का सांगत नाहीत?

तर अशा या तात्यांकडे, दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरायचे होते तेव्हा, रिबेका आली आणि म्हणाली, "तात्या, पंचवीस डिसेंबरला सकाळी तुमची शेड द्याल का? नाताळाला?"

रिबेका साळवे नारायणगावात एका दवाखान्यात नर्स आहे. तात्यांच्या घरासमोरच्या बोळात दोन खोल्या भाड्यानं घेऊन वडिलांसोबत राहते. वडील म्हणजे शांतवन साळवे गुरुजी. वय चौऱ्याऐंशी. नगरकडचे, पण सगळी नोकरी जुन्नर-आंबेगावच्या झेडपी शाळांत झाली. वारूळवाडीपासून सुरुवात, मग मढ, मग डिंभ्याच्या अलीकडची वाडी, असं करत करत निवृत्त झाले आणि म्हातारपणी मुलीबरोबर पुन्हा वारूळवाडीत. पहिलीच्या वर्गात तात्यांचा हात धरून पाटीवर ग गिरवून घेतला तो गुरुजींनीच. त्यामुळे गावात तात्यांना एकेरीत हाक मारणारा हा शेवटचा माणूस.

शेड म्हणजे तात्यांची पत्र्याची, मळ्याच्या तोंडाशी, पूर्वेकडून सगळी उघडी. टोमॅटोच्या दिवसांत तिथं बायकांचा निवडीचा गलका असतो. डिसेंबरात नुसते रिकामे क्रेट, फवारणीचा पंप आणि एक कुत्रं.

"दर सालाला तुमी रविवारी करता की," तात्या म्हणाले.

"हो. पाळकसाहेबांकडं तीन गावं आहेत ना. पंचवीसला ते मोठ्या चर्चमध्ये असतात. आम्ही इकडचे दहा-बारा घरांचे. कुणी मंचरचं, कुणी घोडेगावचं, एक कुटुंब पारगावहून येतं. साहेब पुढच्या रविवारी येतात, त्या दिवशी हॉल पण मिळतो, मग तेव्हा आमचा नाताळ."

"मंग यंदा काय बिघडलं रविवाराचं?"

रिबेका म्हणाली, "बाबा म्हणतात, शिळा नाताळ पुरे झाला. एकदा पंचवीसला पंचवीस करायचा. मागच्या थंडीत त्यांना ॲडमिट केलं होतं, आठवतंय ना तुम्हाला. यंदा ते गाडीत बसून कुठं जाऊ शकत नाहीत. तुमच्या शेडपर्यंत मात्र काठी टेकत येतील. आमच्या दोन खोल्यांत दहा घरं कशी मावणार? पाळक नाही आले तरी चालेल, प्रार्थना बाबाच घेतील."

एवढं सरळ बोलणं ऐकून दुसऱ्या कुणाचंही मन विरघळलं असतं. तात्यांचा संशय बळावला. इतकी वर्षं रविवार चालला आणि यंदा अचानक तारीख पाहिजे?

"बघू," ते म्हणाले. तात्यांचं 'बघू' म्हणजे पुढारी लोकांचं 'बघू' नव्हे. तात्या खरोखर बघतात.

संध्याकाळी बांधावर गेणू भेटला. गेणू म्हणजे तात्यांचा शेजारी, बांधाला बांध. गावातली बातमी गेणूच्या कानावर आधी येते आणि तोंडातून नंतर जात नाही, ती लगेच जाते.

"तात्या, शेड देताय म्हनं."

"अजून न्हाई दिली."

"द्या की राव, माजं काय जातंय! फकस्त येक सांगतो. येकदा का देवाचं नाव तिथं घेतलं, की मंग तिथं दरवर्षी. दरवर्षी झालं की वहिवाट. आन वहिवाट झाली की तुमी तुमच्याच शेडमंदी चपला काडून जानार."

गेणूचं म्हणणं तात्यांना नको तितकं पटलं. देव एकदा बसला की जागा हलत नाही, हे तात्यांना अनुभवानं माहीत होतं. दहा-बारा वर्षांमागे गेणूचा ट्रॅक्टर दर नांगरटीला बांधाचं एक एक तास, म्हणजे नांगराची एक एक ओळ, खायला लागला. तक्रार करून झाली, भांडून झालं. मग एका पहाटे तात्यांनी ओढ्यातला एक गुळगुळीत धोंडा उचलून आणला, त्याला शेंदूर फासला आणि बरोबर हद्दीवर बसवून टाकला. दिवस उजाडला तो म्हसोबा होऊनच. तेव्हापासून गेणूचा ट्रॅक्टर तिथं आला की लांबून वळसा घेतो आणि अमावास्येला गेणू स्वतः नारळ फोडतो.

"म्हसोबाचंच बघा की," गेणू म्हणाला, "कुटनं आला, कवा आला, कुनाला ठावं? पन हाय म्हंजी हाय."

तात्यांनी गेणूच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. याला माहीत आहे, की नाही? गेणू तंबाखू मळत होता. तंबाखू मळणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही, हा तात्यांचा जुना अनुभव.

दुसऱ्या दिवशी ते थेट गुरुजींकडे गेले. गुरुजी दारात कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून बसले होते. डोक्याला मफलर, पायात मोजे, हातात चहाची बशी.

"ये चांग्या. शेडचं विचारायला आलास ना? की मला तपासायला?"

"गुरुजी, मी सरळ बोलतो. रागावायचं न्हाई. आमच्या देवांचं कसंय, राम नवमीला झाला, कृष्ण अष्टमीला. तिथीनं. दरसाल तारीख मागं-फुडं व्हती, पन तिथी पक्की. तुमचं मातर दरसाल पंचवीस म्हंजी पंचवीस. सव्वीस जानेवारीगत. देव कंदी तारखेनं जलमतो का? तारीख सरकारची असती."

गुरुजींनी बशी खाली ठेवली. "तू जुन्नर तालुक्यातला ना? शिवनेरीवर शिवजयंतीला जातोस ना?"

"जातो की."

"कितीदा?"

"दोनदा. येकदा तारखेची, येकदा तिथीची."

"मग त्यातली खरी कोणती?"

हा प्रश्न जुन्नर तालुक्यात विचारण्यासारखा नव्हता. तात्यांनी आधी बोळात कुणी नाही ना ते बघितलं. "दोन्ही," ते हळूच म्हणाले. "तुमी इषय बदलू नका. पंचवीस तारीख लिवलीय का तुमच्या पोथीत?"

"नाही."

तात्या चमकले. "न्हाई?"

"बायबलात जन्म आहे, गाव आहे, गोठा आहे, मेंढपाळ आहेत. तारीख नाही. पहिली दोन-तीनशे वर्षं तर जन्मदिवस करायची फारशी पद्धतच नव्हती."

"मंग पंचवीस कुनी काडली?"

"मागाहूनच्या लोकांनी ठरवली. कशी ठरवली याच्या दोन गोष्टी सांगतात. एक अशी, की जुन्या लोकांचा समज होता, थोर माणूस ज्या तारखेला आईच्या पोटात येतो त्याच तारखेला देह ठेवतो. येशूचा मृत्यू वसंतातला. काहींनी हिशोब करून पंचवीस मार्च धरला. म्हणजे पोटातही पंचवीस मार्चलाच आले. आता नऊ महिने मोज बोटांवर."

तात्यांनी मोजले. एप्रिलला अंगठा, मे, जून... डिसेंबरला बोट थांबलं. त्यांनी दुसऱ्या हातावर पुन्हा मोजून बघितलं.

"दुसरी गोष्ट," गुरुजी पुढे म्हणाले, "रोमच्या राज्यात त्याच सुमाराला सूर्याचा उत्सव असायचा. थंडीत सूर्य दक्षिणेला सरकत सरकत जातो, दिवस लहान होतो, आणि मग तिथून तो परत फिरतो. लोकांना आनंद. ख्रिस्ती लोक म्हणाले, आमच्यासाठी जगाचा उजेड तोच, मग त्याचा जन्म याच दिवशी का साजरा करू नये? सतराशे वर्षांपूर्वीच्या आसपासची ही गोष्ट. काही देशांतले ख्रिस्ती अजून जानेवारीत करतात."

"यातली खरी गोष्ट कुटली?"

"माहीत नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे माहीत नाही. मलाही नाही आणि शिकलेल्यांचंही अजून एकमत नाही."

आता तात्या खरोखर हादरले. आयुष्यभर त्यांना छातीठोकपणे सांगणारी माणसं भेटली होती. बियाणंवाला छातीठोक, औषधवाला छातीठोक, मुलीचं स्थळ आणणारा तर सगळ्यात छातीठोक. छातीठोक माणसावर संशय कसा घ्यायचा हे त्यांना चांगलं येत होतं. जो माणूस आपल्याच देवाच्या तारखेबद्दल माहीत नाही म्हणतो, त्याच्यावर नेमका कुठून संशय घ्यायचा?

त्यांनी एक बाजू शोधून काढली. "मेंढपाळ व्हते म्हनला ना? आपल्याकडं धनगर वाडा घेऊन येत्यात, मी दरसाल माझ्या रानात मेंढरं बसवतो. पन आपली थंडी येगळी. त्या मुलखात डिसेंबरात गारठा लई असनार. मेंढरं आत असायची का रात्री उघड्यावर?"

गुरुजी खुर्चीतच सरसावून बसले. "शाब्बास! अगदी हाच प्रश्न मोठमोठ्या पंडितांनी विचारलाय, चांग्या."

मोठमोठ्या पंडितांना आपलाच प्रश्न पडला हे ऐकून तात्यांना दोन क्षण बरं वाटलं. तिसऱ्या क्षणी संशय आला, की गुरुजी शेडसाठी चढवतायत.

"मंग तारीख खोटीच की!"

"तुझा वाढदिवस कधी असतो?" गुरुजींनी विचारलं.

"एक जून."

"साळुबाईंचा?"

"एक जून."

"गेणूचा?"

गावात साठीच्या पुढचा जो भेटेल तो एक जूनचा. त्या दिवशी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केकची इतकी चित्रं येतात की फोन गरम होतो.

"कुणी लिहिली ती तारीख?"

"तुमीच," तात्या म्हणाले.

"तुझी आई तुला घेऊन शाळेत आली. मी विचारलं, कधी झाला? म्हणाली, भुईमूग उपटायला आम्ही रानात होतो तेव्हा. आता भुईमुगाची तारीख मी काय लिहू? शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. लिहिली एक जून. साऱ्या वर्गाची तीच. मग तुझी साठीची शांत कधी केली तुझ्या पोरांनी?"

"एक जूनला."

"बुंदी दोनदा वाढून घेतली होती मी. खोट्या तारखेची म्हणून कडू नाही लागली. तारीख लोकांनी ठरवली असेल रे, पण जन्माला आलेला तू तर खरा आहेस ना?"

तात्यांनी नकळत स्वतःच्या दंडाला हात लावून बघितला. मग उठले. दारापर्यंत गेले आणि वळले. "त्यो सूर्य. फिरतो म्हनला ना. त्यो खरंच पंचवीसला फिरतो का?"

"तेवढ्या दिवसांत फिरतो."

"तेवढ्यात म्हंजी कवा? आन सूर्य तर संक्रांतीला फिरतो. चौदा जानेवारीला. सगळ्या जगाला म्हाईताय."

"फार पूर्वी संक्रांतीलाच फिरायचा. हळूहळू अंतर पडत गेलं. आता आधीच फिरतो. खोटं वाटत असेल तर बघ ना, तुझ्याच रानातून दिसतं."

बोलायला नको होतं ते गुरुजी बोलून गेले. गोष्टीतली बाकी सगळी कलमं सतराशे वर्षांपलीकडची. तिथं जाऊन तात्या काय तपासणार? पण सूर्य इथला होता. रोज वारूळवाडीत उगवत होता.

दुसऱ्या पहाटेपासून तात्या शेडच्या तोंडाशी एक क्रेट पालथा घालून त्यावर बसायला लागले. समोर आठ-दहा पावलांवर मोकळी जागा, पलीकडे ऊस कापून गेलेलं रान, त्यापलीकडे आभाळाच्या कडेला नारायणगड. सूर्याचं पहिलं टोक दिसलं, की त्याच्या रोखानं समोर एक काठी ठोकायची. टोमॅटोच्या झाडांना आधार द्यायच्या काठ्या शेडमध्ये ढिगानं पडलेल्या होत्याच. क्रेट हलू नये म्हणून त्याच्या चारी कोपऱ्यांना चुन्याच्या खुणा केल्या. कुत्र्यानं क्रेट हलवला असेल म्हणून त्या खुणा रोज तपासल्या.

पहिल्या आठवड्यात काठ्या गडापासून उजवीकडे चांगल्या सरकत गेल्या. एकीपासून दुसरी बोटभर लांब. मग अंतर कमी व्हायला लागलं. डिसेंबरची दहा तारीख उलटली तशा काठ्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या, जशा लग्नात मांडवाच्या कडेला बायका उभ्या राहतात.

"आता सूर्यालाबी काट्यावर चढवलं का?" साळुबाई चहा घेऊन आल्या. "चार दिस झाले, बिबट्याचा माग त्या ओढ्याकडं दिसतोय आन तुमी अंधारात येकटे येऊन बसताय. त्येनं नेलं तर मी लोकांना काय सांगू? सूर्य मोजायला गेलं व्हतं म्हनू?"

"सूर्य संक्रांतीला फिरत न्हाई म्हनं. आदीच फिरतो."

साळुबाईंनी कप जोरात ठेवला. "हे बगा. दूधवाला झाला, गॅसवाला झाला, कावळं झालं. माझ्या संक्रांतीला हात लावायचा न्हाई. मी चौदालाच वाण देनार. सूर्याला कवा फिरायचं ते त्येचं त्यो बघंल." मग म्हणाल्या, "आन गुरुजींचं काय करताय? रिबाताई मला रोज बीपीची मशीन लावून जाती, येका शब्दानं इचारत न्हाई. म्हातारं मानूस खिडकीतनं तुमच्या शेडकडं बघत बसतंय."

"अजून नक्की झालं न्हाई."

"तुमचं कंदी झालंय!"

वीस तारीख आली. काठ्या एकाच जागी यायला लागल्या. तात्यांनी एक ठोकली, दुसऱ्या दिवशी तिथंच, तिसऱ्या दिवशीही तिथंच. ठोकायला जागा उरली नाही म्हणून काठीला काठी बांधली. सूर्य अडकला होता. पुढं जाईना, मागं येईना. मार्केटला काटा एका आकड्यावर येऊन असाच अडकतो, तेव्हा तात्या त्याला टिचकी मारून बघतात; सूर्याला टिचकी मारायची सोय नव्हती. आता हा इकडं जाणार की तिकडं?

तेविसाच्या संध्याकाळी रिबेका आली. हातात फराळाचा डबा होता. तात्यांनी झाकण उघडून बघितलं. करंज्या, चकल्या, शंकरपाळे.

"हे तर दिवाळीचं हाय!"

"आमचा नाताळाचा फराळ हाच असतो तात्या. आजीपासून." ती हसली, पण पुरतं हसू नव्हतं. "मी सांगायला आले, शेडचं राहू द्या. तुम्हाला अवघड झालंय ते कळतं मला. रविवारचा हॉल पक्का करते. उद्या सगळ्यांना फोन करावे लागतील."

"गुरुजी काय म्हनले?"

"काही नाही म्हणाले. म्हणाले, चांग्याला त्रास देऊ नको." तिनं पदर सावरला. "त्यांनी पांढरा सदरा इस्त्री करून खुंटीला लावलाय. आता तो रविवारपर्यंत तसाच राहील."

ती वळली. साळुबाई नुसत्या तात्यांकडे बघत राहिल्या. पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात असं बघणं त्यांनी फार जपून वापरलं होतं.

"थांब," तात्या म्हणाले. "रविवारी करून कसं चालंल?"

"म्हणजे?"

"सूर्य अडकलाय. परवा फिरतो का न्हाई ते बघायचंय. मी परवा पहाटं शेडमंदी असनारच. शेड उघडीच असनार. आता उघड्या शेडमंदी कोन येतं, कोन जातं, ह्येला मी काय करनार?"

आता रिबेका पुरतं हसली.

"पन मी बसून असनार, हां! लक्ष ठेवायला," तात्या घाईघाईनं म्हणाले. "आन खिळा मारायचा न्हाई. चांदनी बांदा, पन सुतळीनं. दगड-धोंडा कायबी बसवायचा न्हाई. धोंडा तर अजाबात न्हाई. आन गुरुजींना म्हनावं माझ्या शेजारी बसायचं. सूर्य त्यांनी सांगितलाय, जबाबदारी त्यांची."

चोविसाला गेणू दिवसभर शेडच्या बाजूनं चकरा मारत होता. संध्याकाळी त्यानं विचारलं, "तात्या, दिली म्हनं शेड?"

"दिली न्हाई. पाळत ठेवलीया."

"अस्सं," गेणू म्हणाला. मग म्हणाला, "माझ्याकडं मोठी सतरंजी हाय. पाळतीला खाली बसायला लागंल की लोकांना."

तात्यांनी पुन्हा त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. पुन्हा काही कळलं नाही.

पंचवीस तारखेला, गुरुवारी, तात्या कोंबडा, मोबाइल आणि एसटी यांतल्या कुणाचीही वाट न बघता उठले. बाहेर आले आणि दारातच थबकले. धुकं. असं धुकं, की हातातल्या बॅटरीचा उजेड हाताबाहेर जाईना. नारायणगड नाही, उसाचं रान नाही, समोरचा बोळ नाही.

शेडमध्ये सुतळीनं बांधलेली कागदी चांदणी आत दिवा लागून लाल दिसत होती. मंचरची माणसं आली, घोडेगावची आली, पारगावचं कुटुंब मोटारसायकलवर तिघं बसून कुडकुडत आलं. पेटी आली, तबला आला. बिबट्या जवळपास असलाच तर तबला जुळवताना जो ठोकाठोकीचा आवाज झाला त्यानं तो डिंभ्याला पोचला असावा. मग बोळातून काठीचा आवाज आला. एका बाजूनं रिबेका, दुसऱ्या बाजूनं साळुबाई, आणि मधे पांढऱ्या सदऱ्यातले गुरुजी, वर मफलर, वर स्वेटर, वर साळुबाईंची शाल. सदऱ्याची नुसती कॉलर दिसत होती.

तात्यांनी स्वतःच्या क्रेटशेजारी एक खुर्ची ठेवली होती. गुरुजी बसले आणि बसून राहिले. चांदणीकडे बघत होते. मग त्यांनी हात जोडले आणि प्रार्थना सुरू केली. आवाज बारीक झाला होता, पण तात्यांना तो लगेच ओळखू आला. पहिलीच्या वर्गात याच आवाजात बेचा पाढा यायचा. प्रार्थनेत आजारी माणसं होती, शेतकरी होते, परगावी असलेली मुलं होती. शेवटी गुरुजी म्हणाले, "आणि ज्यानं ही जागा उघडी ठेवली त्याला..." इथं ते थांबले, तात्यांकडे डोळा किलकिला करून पाहिलं, आणि म्हणाले, "...त्याला जे बघायचंय ते दिसू दे."

सगळे म्हणाले, "आमेन." गेणूचा आवाज सगळ्यात मोठा होता. तो सतरंजीच्या कडेला, सतरंजीवर लक्ष ठेवायला म्हणून बसला होता.

मग गाणी झाली. चाल भजनाचीच होती; दुसऱ्या कडव्याला साळुबाई टाळी देत होत्या. तात्या मात्र क्रेटवर बसून पूर्वेकडे टक लावून होते. हातात काठी तयार. धुकं आधी काळं होतं, मग राखाडी झालं, मग दुधासारखं झालं. सूर्य उगवला असणार; पण कुठं उगवला ते कळायला मार्ग नव्हता. सगळीकडून सारखाच उजेड आला.

फराळ झाला, चहा झाला. धुकं विरलं तेव्हा सूर्य दोन कासरे वर आला होता. तात्या काठी हातात घेऊन उभेच.

"दिसला का रे?" गुरुजींनी विचारलं.

"कुटला दिसतोय! ऐन टायमाला धुकं. मला तर यातबी कायतरी..." आभाळाकडे बोट करून तात्यांनी वाक्य तसंच सोडलं.

"मग उद्या बघ. उद्या धुकं नसेल."

"उद्या बघून काय उपेग? तुमची तारीख पंचवीस. इतक्या दिसाच्या काठ्या अन् नेमकी पंचविसाची न्हाई. हिशोब अर्धा राह्यला." त्यांनी काठ्या एकेक उपटून मोळी बांधायला घेतली. गुरुजी बघत होते. मोळी बांधून झाल्यावर तात्यांनी ती शेडच्या आढ्याला, चांदणीच्या शेजारी, नीट लटकवली. चांदणीची सुतळी सैल झाली होती, तीही आवळली.

"फुडल्या साली परत बघावं लागंल," ते म्हणाले. "पंचवीसलाच या. रविवार-बिविवार चालायचं न्हाई."

गुरुजींनी काठी पुढे घेऊन तिच्यावर दोन्ही हात ठेवले. "चांग्या, पुढच्या साली मी पंच्याऐंशीचा. हमी कोण देणार?"

"ते मला म्हाईत न्हाई," तात्या म्हणाले, आणि उगाचच क्रेटच्या चुन्याच्या खुणा बघायला खाली वाकले. "सूर्य तुमी सांगितलाय. साक्षीला तुमी पायजे. मी येकट्यानं बघितलं तर माझा माझ्यावर इस्वास बसायचा न्हाई."

गुरुजी हसायला लागले, ते खोकला येईपर्यंत हसले. रिबेकानं पाठ चोळली, साळुबाईंनी शाल नीट केली. तिघं बोळाच्या दिशेनं निघाले आणि मागून तात्या खुर्ची उचलून चालले.

शेडपाशी गेणू सतरंजी झटकत होता. झटकून झाल्यावर त्यानं तिची घडी घातली, इकडंतिकडं बघितलं आणि ती तात्यांच्याच क्रेटांवर ठेवून दिली.